काळी मोहरी, बातुमीचा सोमवार

बुद्धिबळात काळी मोहरी वाट्याला आली की पहिली चाल समोरच्याची. एवढ्याशा गोष्टीचा हिशोब मोठा. तगड्या खेळाडूंच्या हजारो डावांत पांढऱ्याच्या पदरात शंभरातले साधारण ५४-५५ गुण पडतात. म्हणून तोडीस तोड प्रतिस्पर्धी असला, तर काळ्याने बरोबरी साधली तरी पुष्कळ झालं, अशी रीत. सातपाटीसारख्या मासेमारी बंदरातल्या माणसाला हे चटकन उमगावं. खाडीच्या तोंडाशी गाळ; ओहोटीला बोट आत येत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. काळ्याचंही तेच. पाणी चढेपर्यंत दम धरायचा, फक्त तोवर रुतायचं नाही.

२८ जुलै २०२५. इकडे मासेमारीबंदी, बोटी शाकारलेल्या. तिकडे जॉर्जियात बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत: नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी. दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी. आणि समोर कोण, तर सातच महिन्यांपूर्वी जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद दुसऱ्यांदा पटकावलेली हम्पी! दिव्याच्या जन्माआधीच, २००२ साली, ती ग्रँडमास्टर झाली होती.

हम्पीने कॅटलन नावाची सुरुवात मांडली. यात पांढरा आपला उंट राजाच्या बाजूला कोपऱ्यालगत बसवतो आणि लांब कर्णावर नजर रोखून धरतो. धडाकेबाज हल्ला नाही, नुसता चिवट दाब. दिव्याने तो सोसला. प्रत्येकीला १५ मिनिटं, वर दर चालीला १० सेकंद. चाळिसाव्या चालीच्या सुमाराला हम्पीचं घड्याळ तंग झालं, तिने प्यादं सोडून डाव मोकळा करायला घेतला आणि तराजू झुकला. पहिल्या चालीची बढत तोवर केव्हाच विरलेली होती. आता वेळ कोणाकडे उरलाय, एवढंच खरं.

तरी डाव सरळ संपला नाही. दिव्याच्या हातून जिंकण्याची संधी निसटली, हम्पी पुन्हा बरोबरीच्या काठावर आली, आणि सत्तराव्या चालीच्या आसपास तीच घसरली. अडीच विरुद्ध दीड. ग्रँडमास्टरकीसाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, हाती नसताना दिव्याला विश्वचषकाबरोबर तो किताबही मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. आईच्या गळ्यात पडून ती रडली, ते सगळ्यांनी पाहिलं. मला मात्र त्यानंतरचं तिचं बोलणं जास्त आवडलं: शेवटच्या टप्प्यात आपण घोळ घातला, तो खेळ अजून शिकायला हवा.