मध्यम किमतीचा फोन घेताना

चेन्नईतील अण्णा सालैजवळच्या रिची स्ट्रीटवर फोनची दुकाने दाटीने उभी आहेत. मध्यम किमतीत सर्व गुण एका यंत्रात लाभत नाहीत. काय सोडावे, हे कुटुंबाने घरीच ठरवून जावे. मेगापिक्सेलचा मोठा आकडा खुशाल सोडावा. प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असेल, तर तो आकडा फारसा उपयोगी पडत नाही. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळतील, हे मात्र अवश्य विचारावे. घरचा पैसाही आता फोनवरूनच फिरतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा बॅटरीत काटकसर नको. आयपी ५४ ही खूण शिंतोड्यांपुरती. आयपी ६७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटे. खारे पाणी त्या चाचणीत नसते, आणि मरीना तर येथे हाकेच्या अंतरावर!