गमबूट कुणी घालायचे?

वीकेण्ड प्लॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? झाडाला बांधलेला झोपाळा, बार्बेक्यू, डोंगरावर उतरलेलं धुकं आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला दहा-बारा फोटो. बरोबर? मागच्या ऑक्टोबरमध्ये माझ्याही डोळ्यांपुढे हेच होतं. मैत्रिणीची मुळशीत एक एकर जागा आहे. "श्रमदानाला या," असं तिचं आमंत्रण. पावसात पडलेलं आंब्याचं झाड तोडून लाकडं रचायची होती, कंबरेएवढं गवत कापायचं होतं. आम्ही पाच जण नवेकोरे ट्रेकिंग शूज घालून एकदम तय्यार!

जागा सांभाळणारे काका आमच्याआधीच कामाला लागले होते. पायात स्लिपर. मी जाम उत्साहात एक ओंडका उचलायला वाकले, तेवढ्यात ते ओरडले, "ताई, हात नका घालू! आधी काठीनं हलवा."

त्यांनी काठीनं ओंडका ढकलला आणि खालून कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. घोणस! रंग अगदी पाचोळ्याचा, पाठीवर गोल ठिपक्यांच्या तीन ओळी. आम्ही पाचही जण थेट गाडीपाशी. काका मात्र चार पावलं मागे सरून शांत उभे राहिले. थोड्या वेळानं ती गवतात निघून गेली. "वाट दिली की जाती ती," एवढंच बोलून त्यांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली.

आमच्यासाठी तो वीकेण्डचा सॉलिड किस्सा होता. काकांसाठी तो कामाचा आणखी एक दिवस होता. रात्री चहा घेताना ते म्हणाले, "माझ्या भावाला भातकापणीत चावली होती. आधी देवळात नेला, मग झाडपाला लावला. दवाखान्यात पोचेस्तोवर अंधार पडला. किडन्या गेल्या." पुढचं आम्ही विचारलं नाही.

घरी येऊन वाचायला बसले आणि हादरलेच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या पेरणी-लावणीच्या महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारनं २०२४ मध्ये आणला.

आपल्याकडे मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. शेतात आणि लाकडांच्या ढिगात उंदीर, बेडूक असतात, म्हणून साप तिथे येतो. तो आपल्या मागावर नसतोच. आपला पाय पडतो किंवा हात लागतो, आणि तो चावतो. मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. कधी कधी इतकं हळू, की खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात.

गंमत म्हणजे, या चारही सापांवर औषध एकच आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं म्हणजे प्रतिविष. त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची गरजच नाही. डॉक्टर लक्षणं पाहतात. काचेच्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका घट्ट होते. म्हणजे औषध आहे, तपासणी सोपी आहे. कमी पडतो तो वेळ.

एवढं नक्की करा

* चावलेल्या माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा.
* चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. करकचून बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं, सगळं बंद.
* १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट दवाखाना गाठा. जवळ कुठे प्रतिविष मिळतं, हे आजच विचारून ठेवा.
* लाकडांचा ढीग घरापासून लांब रचा. रात्री टॉर्च हवाच, आणि झोपताना नीट खोचलेली मच्छरदाणी.

आणि गमबूट! सापाचे बरेचसे दंश पायालाच होतात. चिखलात भात कापताना गमबूट रुततात हे खरं, पण गवत आणि लाकडाच्या कामात ते चालतात. मग प्रश्न असा, की जागा आपली, फोटो आपले, तर गमबूट कुणी आणायचे? आमच्या त्या वीकेण्डच्या बार्बेक्यूच्या खर्चात दोन-तीन जोड आरामात आले असते. पाच जणांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

पुढच्या फेरीत मैत्रिणीनं काकांसाठी गमबूट नेले. त्यांनी पाय घालून पाहिले, दोन पावलं चालले आणि जरा लाजत म्हणाले, "बेस आहेत. पण ताई, आमच्या मंडळींसाठी बी एक जोड लागंल. गवत तीच जास्त कापती."