पियानोवरची क्री गाणी : टॉम्सन हायवे

विनिपेग, सस्कॅचेवान, सस्काटून... कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी ही नावं रोज असतात. हवामानाच्या बातम्यांत, विमानाच्या तिकिटांवर, नोकरीच्या जाहिरातींत. पण ही नावं मूळची कुठल्या भाषेतली, हा प्रश्न सहसा आपल्याला पडत नाही. ती आहेत क्री भाषेतली. विनिपेग म्हणजे गढूळ पाणी. सस्कॅचेवान म्हणजे वेगाने वाहणारी नदी. आणि सस्काटून हे नाव आलं तिकडच्या एका रानफळावरून. दिसायला ते आपल्या करवंदासारखं जांभळं असतं.

क्री ही कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांपैकी सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा. तरी २०२१ च्या जनगणनेत ती बोलता येणारे लोक भरले सुमारे ८६ हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढे! आणि तेही अल्बर्टापासून क्वेबेकपर्यंत विखुरलेले. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेत आज नाटकातले संवाद आहेत, कॅबरेची गाणी आहेत, कंट्री संगीत आहे, एक ऑपेरासुद्धा आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींमागे एकच नाव सापडतं : टॉम्सन हायवे. नाटककार, कादंबरीकार, पियानोवादक, गीतकार, संगीतकार आणि पक्के गप्पिष्ट असे हे गृहस्थ. जुनं आणि नवं यांच्यात त्यांनी पूल बांधला असं नेहमी म्हटलं जातं. ते खरंही आहे. पण त्या पुलासाठी लागलेला दगड कुठून आला, ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

तंबूतून शाळेत

टॉम्सनचा जन्म ६ डिसेंबर १९५१ चा, मॅनिटोबाच्या अगदी उत्तर टोकाला, बर्फात ठोकलेल्या तंबूत. बारा भावंडांतला हा अकरावा. वडील जो हायवे कॅरिबूची शिकार करायचे, सापळे लावून फर मिळवायचे आणि कुत्र्यांच्या स्लेजच्या शर्यतीत त्यांचं मोठं नाव होतं. आई पेलाजी मण्यांचं भरतकाम आणि गोधड्या करण्यात तरबेज. घरात क्री भाषा, शेजारपाजारी डेने भाषा. इंग्रजीचा गंधही नाही.

योगायोग असा, की त्याच १९५१ साली मूळ रहिवाशांच्या पॉटलॅचसारख्या पारंपरिक समारंभांवरची बंदी कॅनडाच्या कायद्यातून निघाली. शाळांची सक्ती मात्र चालूच राहिली. सहा वर्षांचा टॉम्सन छोट्या विमानातून शेकडो मैल दक्षिणेला, द पा गावाजवळच्या गाय हिल निवासी शाळेत दाखल झाला आणि पुढची नऊ वर्षं तिथेच राहिला. घरी यायचं ते फक्त उन्हाळ्यात. अशा निवासी शाळांतून देशभरात सुमारे दीड लाख मुलं गेली. मुलांची भाषा आणि चालीरीती पुसून टाकायच्या, हाच या शाळांचा हेतू होता. आपल्या भाषेत बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायच्या, अनेकांवर अत्याचार झाले, हजारो मुलं परत घरी आलीच नाहीत. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली, आणि २०१५ मध्ये सत्य व समेट आयोगाने या सगळ्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं.

आता गंमत म्हणा की दैवदुर्विलास, टॉम्सनची पियानोशी गाठ पडली ती याच शाळेत. क्री बोलायला जिथे मज्जाव, तिथेच त्याच्या बोटांना ते वाद्य मिळालं ज्यावर त्याने पुढे क्री गाणी रचली.

हायवे यांनी या शाळेबद्दल पुढे जे सांगितलं, ते ऐकणाऱ्याला अवघडून टाकणारं आहे. ती आपल्या आयुष्यातली आनंदाची वर्षं होती, असं त्यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं. २०१७ मध्ये सिनेटमधल्या एका भाषणात या शाळांचं समर्थन करताना त्यांच्याच बोलण्याचा आधार घेतला गेला. पण याच हायवे यांनी १९९८ साली ‘किस ऑफ द फर क्वीन’ ही कादंबरी लिहिली होती. तिच्यातले दोन क्री भाऊ, एक पियानोवादक आणि एक नर्तक, निवासी शाळेत धर्मगुरूच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडतात. हायवे यांच्या स्वतःच्या आणि धाकट्या भावाच्या आयुष्याचीच ती सावली आहे. तेव्हा कुणाला समर्थनासाठी एक वाक्य उचलायचं असेल, तर त्याने कादंबरीही वाचावी. आनंद आणि जखम दोन्ही एकाच माणसाच्या आठवणीत असू शकतात.

मैफल सोडून रस्त्यावर

विनिपेगला शालेय शिक्षण संपवून त्यांनी विद्यापीठात पियानोचा अभ्यास केला, मध्ये एक वर्ष लंडनमध्ये काढलं, आणि १९७५ साली ऑन्टारियोतल्या वेस्टर्न विद्यापीठाची संगीताची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी इंग्रजी साहित्याचीही. बाख आणि शोपॅं वाजवणारा हा तरुण मैफलींच्या मार्गाला लागणार असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी तो मार्ग सोडला आणि सुमारे सात वर्षं मूळ रहिवाशांच्या सामाजिक संस्थांमधून काम केलं. तिथे भेटलेली माणसं, त्यांचं दारिद्र्य, त्यांचं दारूपाणी आणि त्यांचा अफाट विनोद, हे सगळं पुढे नाटकांत उतरलं.

१९८६ साली टोरांटोत ‘द रेझ सिस्टर्स’ रंगमंचावर आलं. गोष्ट साधी. मॅनिटूलिन बेटावरच्या एका काल्पनिक वस्तीतल्या सात बायका जगातला सर्वांत मोठा बिंगो खेळायला टोरांटोला निघतात. बिंगो म्हणजे आपल्या हाउझीचा थोरला भाऊ! कुणाला बक्षिसाच्या पैशांत नवा संडास बांधायचाय, कुणाला चांगली चूल हवीय. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्यातल्या एकीला कॅन्सर आहे हे त्याला कळतं. त्या बायकांच्या अवतीभवती नाचत असतो नानाबुश, मूळ रहिवाशांच्या पुराणातला खोडकर देव. क्री भाषेत त्याला वीसागेचाक म्हणतात. ही भूमिका केली होती टॉम्सनचा धाकटा भाऊ रेने याने. तो उत्तम नर्तक होता. या नाटकाला टोरांटोचा मानाचा डोरा पुरस्कार मिळाला, आणि १९८८ साली ते एडिंबरोलाही जाऊन आलं. त्याच्या जोडीचं ‘ड्राय लिप्स ऑटा मूव्ह टू कापुस्केसिंग’ १९९१ मध्ये टोरांटोच्या भव्य रॉयल अलेक्झांड्रा थिएटरात झालं.

रेने १९९० साली एड्समुळे गेला. माझ्यासाठी शोक करू नकोस, आनंदात राहा, असं त्याने जाताना भावाला सांगितलं. हायवे यांनी २०२१ मध्ये आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, ‘पर्मनंट अस्टॉनिशमेंट’ या नावाने. दुःखाला वाव असूनही ते पुस्तक इतकं हसरं का, याचं उत्तर रेनेच्या त्या निरोपात आहे.

भाषेचा स्वभाव

क्री ही मुळातच हसरी भाषा आहे, असं हायवे नेहमी सांगतात. इंग्रजी डोक्यातून येते, फ्रेंच हृदयातून, आणि क्री येते पोटातून! गंमत सोडली तरी तिचं व्याकरण मोठं विचार करायला लावणारं आहे. मराठीत आपल्याला तो, ती, ते अशी तीन लिंगं. आपल्या इथल्या मुलांना ‘ते टेबल’ की ‘तो टेबल’ हे शिकवताना किती घाम फुटतो, हे वेगळं सांगायला नको. क्रीमध्ये तो आणि ती हा भेदच नाही. भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. उभं झाड सजीव, पण त्याच शब्दाचा अर्थ काठी असा घेतला की निर्जीव. दगड मात्र सजीव! देव पुरुष की स्त्री, हा प्रश्न या भाषेत उमटतच नाही, आणि हायवे यांनी आपल्या नाटकांत या गोष्टीचा पुरेपूर उपयोग केलाय.

आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष वाटेल. १८४० साली जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने विनिपेग सरोवराच्या उत्तरेला नॉर्वे हाउस इथे क्री लिपीतली पहिली छपाई केली. या लिपीत व्यंजनाला एक आकार असतो, आणि तो आकार वरखाली, डावीउजवीकडे फिरवला की स्वर बदलतो. बाराखडीचाच हा प्रकार! इव्हान्सला लघुलिपीबरोबर देवनागरीचाही आधार होता, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. क्री लोकांच्या परंपरेत मात्र ही लिपी त्यांच्याच एका पूर्वजाला परलोकातून मिळाली, असं सांगतात.

गाणी

कॅबरे म्हटलं की आपल्या पिढीला हेलन आठवते. इथे अर्थ वेगळा : छोटा रंगमंच, पियानो, एक गायिका आणि मधूनमधून गप्पा. हायवे पियानोवर बसून क्री, फ्रेंच आणि इंग्रजीत किस्से सांगतात. गाते पॅट्रिशिया कानो. ती सडबरीची, आईवडील पेरूचे. म्हणजे स्पॅनिश घरातली मुलगी ब्राझीलच्या सांबाच्या तालावर क्री गाणी गाते! लहानपणी उत्तरेत ऐकलेल्या कंट्री संगीताचं ऋण फेडायला २०२२ मध्ये ‘क्री कंट्री’ हा गाण्यांचा अल्बम निघाला. त्याआधी २००८ साली टोरांटोत ‘पिमूतीविन’ झाला. क्री भाषेतला पहिला ऑपेरा म्हणून तो ओळखला जातो. संहिता हायवे यांची, संगीत मेलिसा हुई यांचं. खोडकर वीसागेचाक आणि गरुड मेलेल्यांना परत आणायला निघतात, अशी ती कथा.

मुलांसाठीही त्यांनी क्री आणि इंग्रजीत मिळून तीन सचित्र पुस्तकं लिहिली आहेत. ‘कॅरिबू साँग’ त्यातलं पहिलं. आपल्या भागातल्या लायब्ररीत जरूर विचारा.

आपण इथे रविवारच्या मराठी शाळा चालवतो, मुलं कंटाळतात, आपण रागावतो. क्री लोकांच्या दुःखाशी आपली तुलना करणं बरोबर होणार नाही. आपल्याला मराठी बोलल्याबद्दल कुणी मारलं नाही. आपण आपल्या पायांनी इथे आलो, आणि ज्या जमिनीवर घरं घेतली तिथली नावं त्यांच्या भाषांतली आहेत. पण हायवे यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. भाषा टिकवण्यासाठी त्यांनी कुणाला उपदेश केला नाही. त्यांनी तिच्यात विनोद सांगितले, प्रेमाची गाणी लिहिली, जे वाद्य हाताशी आलं त्यावर ती वाजवली, आणि परक्या घरातल्या मुलीलाही ती गाऊ दिली. आपल्या पुढच्या गणेशोत्सवात मुलांनी गिटारवर एखादं मराठी गाणं उच्चाराच्या चार चुका करत म्हटलं, तर आधी टाळ्या वाजवू या. उच्चार मग सुधारता येतील.