वाहत्या नळातला नमुना आणि मात्रा

कच्च्या तेलाच्या नळातून तेलाबरोबर थोडे पाणीही वाहत असते. विकणारा आणि घेणारा यांच्यातला हिशेब या पाण्याच्या प्रमाणावर ठरतो. मोठ्या टँकरमध्ये सुमारे २० लाख बॅरल तेल असते आणि एका बॅरलमध्ये १५९ लिटर. गुजरातमधील वाडीनारसारख्या ठिकाणी असे टँकर भर समुद्रात बोयाला बांधून रिकामे केले जातात. पाण्याचे प्रमाण काढताना केवळ ०.१ टक्क्याची चूक झाली, तरी २,००० बॅरल, म्हणजे तीन लाख लिटरहून अधिक पाणी तेलाच्या भावाने विकले जाते. जहाज रिकामे होताना नळातून आपोआप नमुने घेणारी यंत्रणा बसवली जाते ती यासाठीच.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखाच शिजलेला असतो. नळातल्या तेलाचे तसे नसते. पाणी जड असल्यामुळे प्रवाह मंदावला की ते तळाशी बसते. नळाच्या वरच्या बाजूला तोटी लावली तर नमुना जवळजवळ कोरडा येतो, खालून घेतला तर पाणीच जास्त येते. म्हणून नमुना घेण्याआधी द्रव एकजीव असावा लागतो. वेग पुरेसा असेल तर हे काम प्रवाहातली खळबळच करते. नसेल तर नळात स्थिर पाती बसवतात, किंवा थोडा द्रव पंपाने बाहेर काढून जोराच्या फवाऱ्यांनी पुन्हा आत सोडतात. नमुना यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पुढची उपकरणे कितीही अचूक असली, तरी न मिसळलेल्या प्रवाहातून खरा नमुना मिळत नाही.

नमुना घेणारी नळी, म्हणजे प्रोब, नळाच्या भिंतीपाशी थांबत नाही. तिचे तोंड व्यासाच्या मधल्या एकतृतीयांश भागात आणि प्रवाहाच्या समोर असते. आत शिरणाऱ्या द्रवाचा वेग बाहेरच्या प्रवाहाइतकाच ठेवावा लागतो. प्रोबने हळू ओढले तर हलके तेल तोंडाला वळसा घालून निघून जाते, पण पाण्याचे जड थेंब आपल्याच वेगाने सरळ आत येतात, आणि नमुन्यात पाणी जास्त दिसते. जोराने ओढले तर उलट घडते.

नमुना किती वेळाने घ्यायचा, हे घड्याळावर सोपवता येत नाही. तसे केले तर नळ संथ वाहत असताना आलेल्या थोड्या तेलालाही भरधाव वेळच्या तेलाइतकेच वजन मिळते. म्हणून प्रवाहमापक नियंत्रकाला खूण देतो आणि ठरावीक घनमीटर द्रव पुढे गेला की एक छोटा घोट घेतला जातो. हा घोट साधारण एक मिलिलिटरचा असतो. एका खेपेत असे १०,००० घोट घेतले तर दहा लिटरचा नमुना जमतो. तो बंद डब्यात साठवतात, कारण उघड्यावर त्यातली हलकी वाफ उडून जाते. प्रयोगशाळेत तपासण्यापूर्वी तोही पुन्हा ढवळावा लागतो. यंत्रणा खरी आहे की नाही हे पाहण्याची एक सरळ रीत आहे: वरच्या बाजूने मोजून पाणी सोडायचे आणि नमुन्यात ते तेवढेच सापडते का, हे पाहायचे.

मात्रा देण्याचे काम याच्या उलट दिशेचे: नळात बाहेरून थोडेसे, पण मोजून घालायचे. त्याचा सर्वांत मोठा दाखला पिण्याच्या पाण्याचा आहे. १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टनला विषमज्वराची साथ आली, तेव्हा पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावण वापरले गेले, पण ती संकटापुरती तजवीज होती. अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात २६ सप्टेंबर १९०८ पासून बूंटन जलाशयापाशी क्लोरीनची मात्रा सतत दिली जाऊ लागली. कल्पना डॉ. जॉन लील यांची आणि मात्रा देणारी यंत्रणा जॉर्ज फुलर यांची.

आज हे काम बहुधा डायफ्रॅम पंप करतो. लवचीक पडदा मागे गेला की ठरावीक औषध आत येते, पुढे आला की तेवढेच बाहेर पडते. दोन्ही बाजूंच्या एकदिशा झडपा उलटा प्रवाह अडवतात. पडद्याची हालचाल लांब-आखूड करून किंवा मिनिटाला होणारे ठोके कमी-जास्त करून मात्रा बदलते. औषधही नळाच्या मध्यावर सोडावे लागते. भिंतीलगत सोडले तर ते भिंतीनेच वाहते आणि नळ गंजतो.

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. लिटरमागे एकच मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे म्हटले, तरी दिवसाला ३,८५० किलो लागेल. एवढ्या मोठ्या कामात मात्रा दोन प्रकारे सांभाळली जाते. प्रवाह वाढला की पंपाचे ठोके वाढतात, ही पहिली. पुढे काही अंतरावरचा नमुना तपासून मात्रा सुधारणे, ही दुसरी. तपासणी फार जवळ केली तर औषध मिसळलेले नसते. फार लांब केली तर उत्तर उशिरा येते, तोवर पंप नको तितका वाढलेला किंवा कमी झालेला असतो आणि मात्रा वर-खाली हेलकावत राहते. म्हणून दोन्ही पद्धती एकत्र वापरणेच शहाणपणाचे.

अशीच मात्रा तेलाच्या लांब नळांत घर्षण कमी करणाऱ्या रसायनाची देतात. अलास्काच्या नळात ते १९७९ पासून वापरात आले. त्याचे लांबलचक रेणू पंपाच्या पात्यांत तुटतात, त्यामुळे ते पंपाच्या पुढे सोडावे लागते.

पंप चालू दिसतो म्हणजे औषध जाते आहे असे नव्हे. क्लोरीनसाठी वापरल्या जाणाऱ्या हायपोक्लोराइटच्या द्रावणातून वायू सुटून तो पंपात अडकतो, झडपेत कचरा बसतो, टाकी रिकामी होते. म्हणून पंपाशेजारी खुणांची काचनळी लावून मिनिटाला किती द्रव खेचला जातो, हे अधूनमधून मोजावेच लागते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. गावोगावचे जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतात ती यासाठीच; क्लोरीन असेल तर तिच्यात पाणी पिवळे होते. शेवटच्या घराच्या पाण्याला पिवळा रंग आला नाही, तर टाकीवरचा पंप चालू असला तरी मात्रा तिथवर पोचलेली नसते.