मोटारीची हवानळी आणि कॉम्प्युटर
पेट्रोल मोटारीला बाजारातला कॉम्प्युटर आणि रुंद हवानळी बसवून पिकअप वाढवायची टूम पोरांत आहे. त्यातली मेख समजून घ्या.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. बऱ्याच गाड्यांत नळीतली तापलेली तार ही हवा मोजते. नळी रुंद झाली की तेवढीच हवा तारेवरून संथ जाते. कॉम्प्युटरला ती कमी वाटते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. मग भर वेगात इंजिन ठोकतं, पिस्टनही जळू शकतो.

वजनकाटा बदलला की आपण तो तपासूनच ऊस घालतो. तसंच, नळी बदलली की कॉम्प्युटरमधला हवेचा तक्ता त्याच नळीप्रमाणे जाणत्या कारागिराकडून भरून घ्यावा. नाहीतर मूळची नळीच बरी.