दमट उन्हाळा, कोरडे उपाय

मुंबईच्या उपनगरांतील उन्हाळ्याविषयीचा पहिला गैरसमज पाऱ्याच्या आकड्यातून जन्मतो. विदर्भात ४५ अंशांची नोंद होत असताना अंधेरी-बोरिवलीच्या ३५ अंशांचे कौतुक कशाला, असे सहज म्हटले जाते. परंतु भारतीय हवामानशास्त्र विभागाचा निकषच दोन्ही प्रदेशांसाठी वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर पोचल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, तर किनाऱ्यावर ते ३७ अंश असले आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असले, तरी लाट मानली जाते. याचे मूळ घामात आहे. घाम येण्याने नव्हे, तर तो वाळण्याने शरीर थंड होते, आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम नुसता निथळत राहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हा त्या परिसराचे तापमान ३८ अंशांच्या आसपासच होते.

मे महिना सर्वांत तापदायक, ही समजूतही अर्धीच खरी आहे. मे महिन्यातील घुसमट असह्य असली, तरी सांताक्रूझ वेधशाळेतील ४१.७ अंशांची नोंद २८ मार्च १९५६ची आहे. मार्चमध्ये जमिनीवरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोरात असले, की दुपारी अरबी समुद्रावरून येणारा गार वारा रेंगाळतो आणि तेवढ्या अवधीत पारा झपाट्याने चढतो. त्यामुळे घराची तयारी एप्रिलच्या सुट्टीवर ढकलणे म्हणजे निम्मा उन्हाळा हातचा घालवणे होय.

कोरड्या प्रदेशातून उसना आणलेला सर्वांत महागडा उपाय म्हणजे कूलर. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरले असता तो जे तापमान दाखवतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कोणतेही साधे साधन हवा त्याखाली नेऊ शकत नाही. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २२ अंशांवर येते, म्हणून विदर्भात कूलर आणि वाळ्याचे पडदे वरदान ठरतात. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना ती २८ अंशांच्या वर राहते, तीही यंत्र आदर्श असेल तर. बंद खोलीत कूलर लावल्यास हवेत बाष्प तेवढे वाढते आणि घाम वाळणे आणखी अवघड होते. खिडकीला ओली चादर लावण्याच्या सल्ल्यालाही हेच लागू पडते. पंखा मात्र येथे खरोखर उपयोगी आहे, कारण तो खोली थंड करत नसला तरी अंगालगतची दमट हवा हलवून घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. वातानुकूलन यंत्र १८ अंशांवर लावले की खोली लवकर गार होते, हा समज नेहमीच्या यंत्रांच्या बाबतीत चुकीचा आहे, कारण यंत्र त्याच वेगाने उष्णता उपसते, फक्त अधिक काळ चालत राहते. तापमान एका अंशाने वाढवून ठेवल्यास विजेची सुमारे ६ टक्के बचत होते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

याहून दुर्लक्षित राहिलेला प्रश्न दिशांचा आहे. दक्षिणेची खिडकी सर्वाधिक तापते, हे विधान उत्तर भारतातील किंवा युरोपातील पुस्तकांतून आले असावे. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्ही चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर छज्ज्याची सावली पुरेशी ठरते. खरा मारा सोसतात ते गच्चीचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत, जिच्या खिडकीतून दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून आत शिरते. अशा खिडकीला आतून जाड पडदा लावला की काम झाले, असे वाटते. परंतु काच ओलांडून आलेली उष्णता पडद्यावर पडून खोलीतच उरते. तोच अडसर काचेबाहेर असला, मग ती बांबूची चिक असो वा गडद हिरवी जाळी, तर ऊन घराबाहेरच थोपवले जाते. पावसाळ्याच्या वाऱ्यात ती उडून खाली पडणार नाही, एवढी काळजी अर्थातच घ्यावी लागते.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना गळती आणि तलखी ही दोन वेगळी दुखणी वाटतात, आणि गळतीवर काळे डांबरी आवरण घालून ते दुसरे दुखणे स्वतःच वाढवतात. विटांच्या तुकड्यांवर घातलेला ब्रिकबॅट कोबा व त्यावर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचे चायना मोझॅक, ही मुंबईची जुनी पद्धत पाणीही अडवते आणि ऊनही परतवते. पत्र्याची शेड स्लॅबवर सावली धरते, पण ती चारही बाजूंनी मोकळी असेल तरच, अन्यथा मधली हवा तापून स्लॅबवरच बसते. पांढरा रंग स्वस्त आणि गुणकारी आहे. मात्र दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलल्यावर त्यावर शेवाळ चढून तो काळवंडतो, म्हणून एकदा लावलेला रंग वर्षानुवर्षे टिकेल, ही अपेक्षा येथे फोल आहे.

बागेविषयीच्या समजुती तर गोड असल्यामुळेच चिवट आहेत. बैठकीच्या खोलीतील चार कुंड्या तापमान कमी करत नाहीत. तीच माती पश्चिमेच्या ग्रीलखाली मोठ्या कुंडीत भरून त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवले, तर वेल भिंतीवर सावली धरते आणि ती सावलीच खरी कमाई असते. दुपारी पाणी घातल्यास थेंब भिंगासारखे ऊन एकवटून पाने जाळतात, ही कथा गुळगुळीत पानांच्या बाबतीत खरी नाही. सकाळी पाणी घालायचे ते वाफेत वाया जाऊ नये म्हणून. दुपारी माना टाकलेले रोप तहानलेलेच असते असेही नाही, कारण उन्हात अनेक पाने तात्पुरती मिटतात; बोटभर खोल माती ओली लागत असताना पुन्हा पाणी ओतले की मुळे कुजतात. नारळाच्या शेंड्या किंवा पालापाचोळा मातीवर पसरल्यास ओल टिकते.

कोणत्याही कुंडीपेक्षा आवाराबाहेरील जुना वृक्ष मोठा, पण त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले जातात आणि पावसाळापूर्व छाटणीच्या नावाखाली नेमक्या एप्रिल-मेमध्ये त्याची सावली उतरवली जाते. धोकादायक फांद्या काढाव्याच लागतात. निरोगी फांद्या सरसकट तोडून झाड बोडके करणे ही छाटणी नव्हे, आणि महापालिकेच्या परवानगीवाचून छाटणीही करता येत नाही, असे १९७५चा राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा सांगतो.

गच्ची सोसायटीच्या सामाईक मालकीची असल्याने तिचा रंग वा मोझॅक एकट्या सदनिकाधारकाच्या हाती नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव लागतो, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक आहे; विषय त्या सभेच्या पत्रिकेत आला, तर पाऊस ओसरल्यावर काम सुरू होऊन मार्चच्या आधी संपते.