गिअर चुकला, इंजिन गेले, हमी कोणाची?

नवी गाडी घेताना आपण किंमत विचारतो, ॲव्हरेज विचारतो, घरातल्या सर्वांच्या पसंतीने रंग ठरवतो. गाडीबरोबर वॉरंटीची एक पुस्तिकाही मिळते. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊन पडते आणि इंजिनातून खडखडाट ऐकू येईपर्यंत तिथेच राहते. मग ती उघडली जाते. तोवर सर्व्हिस सेंटरचा माणूस सांगून मोकळा झालेला असतो, ‘साहेब, हे वॉरंटीत बसत नाही. तुम्ही गिअर चुकीचा टाकलात.’

हे वाक्य खरे असू शकते आणि खोटेही असू शकते. बरेचदा ते सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते. पण त्या एका वाक्यावर लाख-दीड लाखाचा खर्च कंपनीने करायचा की मालकाने, हे ठरते. म्हणून गिअर चुकला की इंजिनात नेमके काय होते आणि ते ओळखायचे कसे, हे मालकालाही थोडे माहीत असायला हवे.

पाच गिअरच्या साध्या पेट्रोल गाडीचे उदाहरण घेऊ. द्रुतगती मार्गावर गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने पाचव्या गिअरमध्ये चालली आहे. इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेरे घेते आहे. पुढे चढ लागतो, म्हणून चालक चौथा टाकायला जातो. चौथा नीट पडला तर फेरे पावणेचार हजारांच्या आसपास जातात. त्यात इंजिनाला काहीच त्रास नाही. पण हात जरा डावीकडे ओढला गेला आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर क्लच सोडताक्षणी इंजिनाला ७,००० हून अधिक फेरे घ्यावे लागतात. अशा इंजिनाची मर्यादा बहुधा सहा ते साडेसहा हजारांची असते. डिझेल इंजिनाची तर साडेचार-पाच हजारांचीच.

इथे अनेकांच्या मनात येते, की आजकालच्या गाड्यांत फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा असते ना? असते. तिला रेव्ह लिमिटर म्हणतात. मर्यादा गाठली की ती इंधन तोडते. गाडी न्यूट्रलमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलात, तर ही यंत्रणा इंजिनाला वाचवते. गिअर पडलाच नाही, दांडी मध्येच राहिली आणि इंजिन नुसते ओरडले, तरीही वाचवते. पण चुकून खालचा गिअर पडतो तेव्हा इंजिन इंधनाच्या जोरावर फिरत नसते. गाडीची चाके त्याला फिरवत असतात. हजार किलोची गाडी ताशी शंभरच्या वेगाने धावते आहे, तिचा सगळा रेटा चाकांमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून इंजिनात येतो. इंधन तोडून हा रेटा थांबत नाही.

मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा खालीवर होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो व मिटतो. व्हॉल्व्ह मिटवण्याचे काम एक स्प्रिंग करते. फेरे मर्यादेबाहेर गेले की तिला तेवढ्या वेगाने काम करता येत नाही, आणि व्हॉल्व्ह उघडाच असताना पिस्टन वर येतो. अनेक इंजिनांमध्ये या दोहोंत अंतर अगदी थोडे असते. टक्कर झाली की व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. दुसरे नुकसान खाली होते. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बोल्टवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे दुप्पट झाले तर ताण चौपट. ३,००० वरून ७,००० वर गेलेल्या इंजिनात तो पाच पटींहून अधिक होतो. बोल्ट ताणला जातो, बेअरिंग दबते. क्वचित रॉड तुटून इंजिनाच्या बाजूला भोक पाडतो.

व्हॉल्व्ह वाकल्याचे लगेच कळते. गाडी थरथरते, ओढत नाही, एखादा सिलिंडर मरतो. पण ताणलेला बोल्ट किंवा दबलेले बेअरिंग काही दिवस गप्प बसू शकते आणि हजार-दोन हजार किलोमीटरनंतर आवाज करू लागते. भांडणाचे एक मूळ इथे आहे. चूक झाली एका दिवशी, इंजिन गेले दुसऱ्या दिवशी. किंवा चूक झालीच नाही, आणि जुन्या नोंदीकडे बोट दाखवले जाते.

नोंद कसली? आजच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. बिघाड झाला की तो त्या बिघाडाचा कोड आणि त्याबरोबर त्या क्षणाचे फेरे, गाडीचा वेग, पाण्याचे तापमान असे आकडे साठवू शकतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत मर्यादा किती वेळा ओलांडली याचीही मोजदाद असते. पोर्शेच्या गाड्यांत फेऱ्यांच्या चढत्या पट्ट्यांनुसार अशी नोंद असते आणि शेवटची घटना इंजिन चालल्याच्या कितव्या तासाला घडली, तेही कळते. जुनी पोर्शे विकत घेणारे लोक आधी ही नोंद मागतात. सगळ्याच गाड्यांत इतका तपशील नसतो. पण जो असेल तो सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला दिसतो, आणि मालकाने त्याची छापील प्रत मागायला काहीच हरकत नाही.

ती वाचायची कशी? फेरे आणि वेग हे दोन आकडे एकत्र पाहायचे. ताशी १०० चा वेग आणि ७,१०० फेरे असतील, तर आपल्या उदाहरणातल्या गाडीत तो दुसराच गिअर. कारण कुठल्या गिअरला कुठल्या वेगाला किती फेरे, हे गणित ठरलेले असते. पेट्रोल इंजिनात फेरे रेव्ह लिमिटरच्या बरेच पुढे गेले असतील, तर ते चाकांनीच फिरवले असण्याची शक्यता मोठी. उलट, सर्वाधिक फेऱ्यांची नोंद मर्यादेच्या आतच असेल, तर ‘तुम्ही गिअर चुकवला’ या म्हणण्याला आधार उरत नाही.

पण नुसत्या वाकलेल्या व्हॉल्व्हवरून निकाल लावता येत नाही. टायमिंग बेल्ट तुटला, किंवा टायमिंग चेन ताणून धरणारा भाग निकामी झाला, तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतातच. खुणा जवळजवळ तशाच दिसतात. बेअरिंग तर तेल न पोहोचल्यानेही जळते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात टर्बोचे सील फुटून तेल आत गेले, तर इंजिन स्वतःचेच तेल जाळत सुसाट फिरू लागते. किल्ली बंद केली तरी थांबत नाही. तिथे फेरे मर्यादेबाहेर जातात आणि चालकाने गिअरला हातही लावलेला नसतो. शिवाय गिअर चुकला हे खरे असले, तरी तो का चुकला हा प्रश्न राहतोच. दांडीला मधल्या रांगेत आणणारी स्प्रिंग किंवा गिअरची केबल नव्या गाडीतच सदोष असेल, तर चूक चालकाची कशी? ‘गिअर नीट पडत नाही’ अशी तक्रार मालकाने आधीच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर लिहून घेतली असेल, तर ती एक ओळ पुढे फार मोलाची ठरते.

आता वॉरंटीचे पाहू. वॉरंटी ही मालाच्या आणि बनावटीच्या दोषांची हमी असते, चालकाच्या हातून झालेल्या चुकीची नसते. गिअर खरोखरच चुकीचा पडला असेल आणि गाडीत दोष नसेल, तर कंपनीचा नकार योग्य आहे, हे मान्य करावे लागेल. विमाही सहसा उपयोगी पडत नाही. वाहनविम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, आणि जादा हप्ता भरून घेतलेले इंजिनाचे संरक्षण मुख्यतः पाणी शिरणे, तेल गळणे अशा कारणांसाठी असते. म्हणजे चूक आपली असेल तर खर्चही आपला.

पण चूक आपली नसेल तर? तर पहिले काही तास महत्त्वाचे. आवाज आला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. ‘बघू या चालतेय का’ म्हणून पुन्हा सेल्फ मारू नये. ती टो करूनच न्यावी. इंजिन उघडण्याआधी संगणकातल्या नोंदीची छापील प्रत घ्यावी, कारण कोड पुसले की त्यासोबतचे आकडेही जातात. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहावी आणि किलोमीटरचा आकडा टाकायला लावावा. इंजिन उघडताना हजर राहावे, फोटो काढावेत. काढलेले भाग फेकू नयेत असे लेखी कळवावे. वाकलेले व्हॉल्व्ह भंगारात गेले की पुरावाही गेला. नकार तोंडी स्वीकारू नये. तो कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या आकड्यांच्या आधारे दिला, हे लेखी मागावे. गाडीची निकड असल्याने पैसे भरून दुरुस्ती करावी लागली, तर ‘हक्क राखून रक्कम भरत आहे’ असे लिहूनच सही करावी.

एवढ्यावर भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे ग्राहक आयोग. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये आहे. २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

आयोगापुढे मात्र भावना चालत नाहीत. ‘गाडी नवीन होती, म्हणजे दोष होता’ हे पुरेसे नाही; दोष तक्रारदाराला दाखवावा लागतो. जो दोष तपासणीशिवाय ठरवता येत नाही, त्यासाठी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यातच आहे. तपासणीचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागू शकते, तरी ही मागणी सुरुवातीलाच करावी. त्याचबरोबर, चूक चालकाची होती असे कंपनी म्हणत असेल, तर त्यासाठी तिच्याकडे काय आहे हेही विचारता येते. फेऱ्यांची नोंद नाही, भाग जपून ठेवलेले नाहीत, फक्त मेकॅनिकचे मत आहे, असे असेल तर कंपनीची बाजू लंगडी पडते.

मागणीही माफक हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर एका भागाच्या दोषासाठी सगळी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून इंजिनाची दुरुस्ती, झालेला खर्च आणि मनस्तापाची रास्त भरपाई मागावी. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करावे आणि कोणी काय चुकवले ते वेगवेगळे मांडावे. २०२१ साली गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की विक्रेत्याने परस्पर केलेल्या गैरप्रकाराची जबाबदारी, उत्पादकाला त्याची माहिती असल्याचे दाखवल्याशिवाय, उत्पादकावर टाकता येत नाही.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय चालकाच्या हातात आहे. गिअरची दांडी मुठीत आवळून ओढू नये. न्यूट्रलमध्ये आली की आतली स्प्रिंग तिला आपोआप मधल्या रांगेत आणते. पाचव्यातून चौथा टाकताना हात सैल ठेवून दांडी सरळ मागे घ्यावी. तिला डावीकडे रेटले तरच दुसरा सापडतो. आणि खालचा गिअर टाकल्यावर क्लच एकदम सोडू नये. चुकीचा गिअर पडला तरी क्लच दाबलेला असेपर्यंत इंजिन सुरक्षित असते. क्लच सोडू लागताच काटा सर्रकन वर चढताना दिसला किंवा इंजिन किंचाळले, तर पाय तसाच पुन्हा दाबावा. त्या अर्ध्या क्षणात इंजिन वाचते आणि पुढचा कागदोपत्री व्यापही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)